टाकीतलं शेवाळ आणि सासरे

डागवाल्याने हात लावला आणि डाग निघाला नाही, असं वीस वर्षांत फार तर चार-पाच वेळा झालं असेल, आणि त्या चार-पाच वेळांचा विषय कुणी काढलेला त्याला मुळीच खपत नसे. त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे मशीन, आणि कोपऱ्यात चांगल्या दिव्याखाली डाग काढायचं त्याचं टेबल. शाई, गंज, रक्त, ग्रीस, लिपस्टिक, काहीही घेऊन या. आख्खी गल्ली त्याला 'डागवाले' म्हणूनच ओळखायची. दुकानाच्या पाटीवरचं नाव पोस्टमनखेरीज कुणी वाचत नसे.

असा हा माणूस गेला दीड महिना स्वतःच्याच घरात, दोन फुटांच्या एका काचेच्या टाकीपुढे हात टेकून बसला होता.

टाकी माशांची. दोन वर्षांपूर्वी त्याने ती हौसेने आणली होती. दिवसभर लोकांनी अंगावर काय काय सांडून घेतलंय ते बघून डोळे विटायचे, तेव्हा घरी आल्यावर काहीतरी नितळ बघायला मिळावं, एवढाच हेतू. डझनभर इवलेसे निळे-लाल मासे, चार गप्पी, आणि दिवसभर काचेला तोंड लावून पडलेला एक आळशी सकर मासा. दोन वर्षं सगळं आलबेल होतं. मग शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवा पापुद्रा, मग पानांच्या कडांना केसांसारखे झुपके, मग दगडांवर, फिल्टरच्या नळीवर. सकरच्या पाठीवरही आलंय असा त्याला संशय होता, पण सकर इतका कमी हलायचा की त्यात शेवाळाचा काही दोष म्हणता आला नसता.

डागवाल्याने कंबर कसली. काच घासली. दगड काढून ब्रशने घासले. दर रविवारी बादल्या भरभरून पाणी बदललं. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, तेव्हा गप्पी त्याच्याकडे अशा नजरेने बघायला लागले की दोन दिवस त्याचा चहा गोड लागला नाही. खिडकीला जाड पडदा लावला. गोगलगाई आणून सोडल्या, तर त्यांनी शेवाळ सोडून चांगली झाडंच फस्त केली. शनिवारी चकचकीत केलेली टाकी पुढच्या गुरुवारपर्यंत पुन्हा हिरवीगार. बायको म्हणाली, "अरे, त्यापेक्षा मासे काढ आणि बागच कर."

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून दिवसभर जादा ब्रेकवर पाय ठेवायचं काम, त्यामुळे तिचं बोलणंही तसंच होतं, आडवळण नाही, इशारा नाही, एकदम थांबा म्हणजे थांबा.

शेवटी डागवाला मासे विकणाऱ्याकडे गेला. पाळायचे मासे, खायचे नव्हेत. हा दुकानदार म्हणजे एक नग होता. गिऱ्हाईकाला वस्तू विकण्यापेक्षा त्याची उलटतपासणी घेण्यात त्याला जास्त रस.

"खाणं किती?"

"चिमूटभर. एकदा."

"ऊन येतं?"

"पडदा लावलाय."

"दिवा किती तास?"

"संध्याकाळी सहा ते दहा. चार तास."

दुकानदाराने जाळी खाली ठेवली. "चार तासांत केसाळ शेवाळ येत नाही हो. निदान दहा तास उजेड पडत असणार. तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर तुमच्याशी कुणीतरी खोटं बोलतंय."

डागवाल्याला हे भलतंच झोंबलं. खोटं बोलणारी गिऱ्हाईकं हा त्याचा रोजचा मामला होता, आणि त्यात आपणच गिऱ्हाईक होऊन उभं राहायची त्याला सवय नव्हती. त्याच्या दुकानात लोक शर्टाची कॉलर पुढे करून खुशाल सांगायचे, "सॉस सांडला." डागवाला म्हणायचा, "सॉसच आहे हो, निघतो सॉस," आणि निमूटपणे लिपस्टिकवरची बाटली उघडायचा. डाग कशाचा हे कळलं पाहिजे, तो कसा पडला याच्याशी आपल्याला काय करायचंय, हा त्याचा बाणा. वीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाईकाला काउंटरवर खजील केलं नव्हतं. दुकान चालायचं ते निम्मं हाताच्या कसबावर आणि निम्मं या मूग गिळण्यावर.

आता थोडं सासऱ्यांविषयी.

सासरे गेल्या पावणेतीन महिन्यांपासून त्यांच्याकडे राहत होते. एका जुन्या नाट्यगृहात त्यांनी अडतीस वर्षं प्रकाशयोजनेचं काम केलं होतं. नटांवर उजेड कुठून पडायचा, किती पडायचा आणि कधी जायचा, हे सगळं त्यांच्या बोटांवर. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि ते आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटेच राहू लागले. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरला. अर्धा दिवस फरशीवर पडून होते. शेजारणीने दारासमोर तसाच पडलेला पेपर बघितला म्हणून कळलं. मुलीने त्याच संध्याकाळी त्यांना आणायचं ठरवलं, पण सासऱ्यांना राजी करायला तिला तीन आठवडे लागले. मुलीच्या घरी, जावयाच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना कसंसंच वाटायचं. शेवटी ते म्हणाले, "तीन महिने राहून बघतो. मग माझं मी ठरवेन."

तीन महिने येत्या रविवारी संपत होते. बायको वरवर काही बोलत नव्हती, पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनाकडे ती जाता-येता बघायची, आणि त्याच्या पलीकडचे चौकोन तिने अजून एकाही कामासाठी वापरले नव्हते. बाबा परत गेले तर प्रत्येक वेळी फोन उचलला नाही की आपल्याला गाडी तशीच त्यांच्या घराकडे वळवावी लागणार, हे तिला माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं.

सासरे राहायला गोड होते, जरा जास्तच गोड होते. नात शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, ती त्यांना दिली होती, तर त्यांनी भिंतीवरचा एक खिळासुद्धा हलवला नाही. कप स्वतः धुवायचे. टॉवेल स्वतःच्या खोलीत वाळवायचे. पेपर वाचून झाला की इतका नीट घडी करून ठेवायचे की आज वाचायचा राहिलाय की काय असं वाटावं. काही हवं का विचारलं की "छे छे, सगळं झकास आहे." चहा कसा झालाय? झकास. उशी बरी आहे ना? झकास. डागवाला लोकांच्या कपड्यांवरून माणूस ओळखायचा. बाहीवरून, खिशावरून, गुडघ्यांवरून. पण पावणेतीन महिन्यांत या माणसाने घरात एक थेंब सांडला नव्हता. सतरंजीवर नाही, टेबलावर नाही, सोफ्यावर नाही. डागवाल्याला याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण त्याला भीतीच वाटायची. इतकं अलगद राहणारा माणूस कधीही उठून तितक्याच अलगद निघून जाऊ शकतो.

तर झालं असं. त्या आठवड्यात सोमवारी डागवाला जवळचा चष्मा घरी विसरला. चष्म्याशिवाय डागाचं काम म्हणजे आंधळी कोशिंबीर, म्हणून तो दुपारी एक वाजता घरी आला. कुलूप हलक्या हाताने उघडायची त्याची सवय. दार उघडलं, आणि तो चपला काढता काढता थांबला.

बैठकीच्या खोलीत टाकीचा दिवा लख्ख पेटला होता. टाकीपुढे खुर्ची ओढून सासरे बसले होते, पाठमोरे. मांडीवर जेवणाचं ताट. आणि ते बोलत होते.

"बाई, तुम्ही जरा उजवीकडे या. अंधारात उभ्या आहात तुम्ही. हां. आता बरं दिसतंय." एक घास. "आणि तुम्ही काय, मेलेल्या माणसाचं काम मिळालंय का तुम्हाला? हला की." हे बहुधा सकरला होतं. "आमची ही असती ना, तिने तुम्हाला नावं ठेवली असती. तिला असले सुस्त लोक चालायचे नाहीत. मला मात्र चालवून घेतलं तिने." मग सासरे हसले, आणि त्यांनी पुढचा घास घेतला. मासे उजेडात इकडून तिकडे जात राहिले.

डागवाला चष्मा न घेताच बाहेर पडला आणि दार ओढून घेतलं. जिन्यातच त्याने हिशोब केला. दहा वाजता दोघं बाहेर पडतात. पाच वाजता बायको येते. म्हणजे सासऱ्यांचे सात तास आणि आपले चार. अकरा. मासे विकणाऱ्याला कळलं असतं तर त्याने पेढेच वाटले असते.

आता करायचं काय? हा प्रश्न घेऊन डागवाला दोन दिवस फिरला. सरळ सांगावं तर सासरे ओशाळतील. आधीच पावलापावलाला आपण परके आहोत असं वागणारा माणूस, त्याला सांगायचं की तुम्ही चोरून लावता त्या दिव्याने टाकी नासली? ते त्याच दिवशी बॅग भरतील. बायकोला सांगावं तर ती करकचून ब्रेक मारणार आणि सगळ्यांची डोकी काचेवर आपटणार. न सांगावं तर शेवाळ. डागवाल्याने त्याला जे उत्तम येत होतं तेच केलं. गिऱ्हाईकाला खजील न करता डाग काढायचा. बुधवारी त्याने बाजारातून एक छोटा टाइमर आणला आणि टाकीच्या मागे प्लगमध्ये बसवून टाकला. संध्याकाळी सहाला दिवा लागेल, दहाला जाईल, मधल्या वेळात बटण दाबून काही उपयोग नाही. सासऱ्यांना वाटेल काहीतरी बिघडलंय. दोन-चार दिवसांत सवय सुटेल. कुणी कुणाला काही बोललं नाही, कुणाचं मन दुखावलं नाही. त्या रात्री डागवाला स्वतःवर बेहद्द खूश होऊन झोपला.

एवढंच एक तो विसरला, की ज्या माणसाने अडतीस वर्षं दिव्यांच्या वायरी खेळवल्या, त्याच्यापासून तो टाइमर लपवत होता.

गुरुवारी संध्याकाळी डागवाला घरी आला तेव्हा सासरे बैठकीत नव्हते. जेवायला आले, नेहमीसारखं सगळं झकास म्हणाले, ताट स्वतः धुतलं, आणि पुसता पुसता म्हणाले, "मी काय म्हणतो, रविवारी तीन महिने होतायत. शनिवारीच निघतो म्हणतो. घर बंद राहिलं की खराब होतं."

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. "बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. तुम्ही दोघांनी फार केलंत. झकास गेले तीन महिने." आणि ते खोलीत गेले. दारसुद्धा त्यांनी अजिबात आवाज न करता लावलं.

बायको नवऱ्याकडे वळली. डागवाल्याने ताटात बघितलं. वीस वर्षं खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे वाचणाऱ्या माणसाला स्वतःचा चेहरा कसा लपवावा हे मात्र कधी जमलं नव्हतं.

"बोल," बायको म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. चष्मा, दिवा, ताट, बाई उजवीकडे या, आणि टाइमर. टाइमरपाशी आल्यावर त्याचा आवाज जरा बारीक झाला.

"तू त्यांच्या दिव्याला कुलूप लावलंस?"

"कुलूप नाही गं, टाइमर. त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

"त्यांनी पहिल्या मिनिटात तो शोधला असणार. वेळ वाचली असणार. आणि त्यांना काय कळलं असेल? की या घरात आपल्याला पकडलंय आणि तोंडावर सांगायचीसुद्धा कुणाची तयारी नाही." तिचे डोळे भरून आले होते आणि ती चिडलेलीही होती. "बाहेरच्याला आपण असं सांभाळतो. तू माझ्या बाबांना गिऱ्हाईक केलंस."

डागवाल्याच्या वर्मी लागलं ते. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. तो उठला आणि सासऱ्यांच्या खोलीशी जाऊन उभा राहिला. दार वाजवलं. आतून "या, या" असा नेहमीचा हसरा आवाज आला. पलंगावर बॅग उघडी होती आणि सासरे शर्टांच्या घड्या घालत होते. तीन महिन्यांपूर्वी आणले तेवढेच शर्ट.

डागवाल्याने मनातल्या मनात दोन-तीन गोड वाक्यं जुळवली होती. ती सगळी त्याने सोडून दिली.

"बाबा, टाकीत शेवाळ झालंय ते तुमच्यामुळे झालंय."

सासऱ्यांचे हात थांबले. या घरात त्यांना कुणी कशाला जबाबदार धरण्याची ही पहिलीच वेळ होती.

"तुम्ही दुपारी दिवा लावता. सात तास. सोमवारी मी चष्म्यासाठी आलो होतो तेव्हा बघितलं. आणि तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून टाइमर लावला. तो मूर्खपणा माझा. पण शेवाळ तुमचं."

सासऱ्यांनी हातातल्या शर्टाची घडी पुन्हा मोडली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. डागवाल्याला वाटलं, संपलं. आता शनिवारसुद्धा नाही, उद्याच निघतील.

"आम्ही नाट्यगृह बंद करताना," सासरे शर्टाकडे बघत म्हणाले, "रंगमंचाच्या मधोमध एक दिवा ठेवून जायचो. शेवटी निघणाऱ्याने लावायचा. सगळा काळोख करून जागा सोडायची नाही, असा आमचा नेम. तुम्ही दोघं दहाला जाता. मागे राहणारा मीच. म्हणून लावला एक दिवस. मग लावतच गेलो." मग एकदम मान वर. "सात तास म्हणालात? अधिक तुमचे?"

"चार."

"अकरा! आणि दिवा आहे कसला तो! कुणी बसवला?"

"मीच."

"तरीच. सगळा उजेड मागच्या काचेवर, आणि मासे बिचारे अर्ध्या अंधारात. तीन महिने बघतोय मी, रोज जीव तुटतो माझा. म्हटलं, आपण पाहुणे, कशाला बोला." आता सासऱ्यांचा आवाज चढला होता. असा आवाज या घरात कुणी ऐकला नव्हता, बैठकीतून बायको दारापर्यंत आली. "आणि हे मला सोमवारीच का नाही सांगितलंत? चार दिवस काय तोंडाला कुलूप होतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट? अहो, मला भरल्या नाट्यगृहात शिव्या पडल्यात! एकदा राजा मेल्यावर त्याच्यावरचा उजेड घालवायला मी विसरलो, तर दिग्दर्शक विंगेतून माझ्या सात पिढ्या काढत होता. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर, आणि तो माझ्याकडूनच चहा पिऊन गेला. तुम्ही लोक मला काही बोलतच नाही. मग मला कसं कळायचं मी इथे कोण आहे ते?"

हे ऐकून बायको दारातच रडायला लागली. अशा वेळी पुरुषमाणसं जे करतात तेच डागवाल्याने केलं, तांत्रिक विषय काढला.

"मासेवाल्याला मी पुन्हा विचारलं, तो म्हणतो, आता एकच उपाय आहे. तीन दिवस टाकी पूर्ण काळोखात ठेवायची. खाणं नाही, उजेड नाही, फक्त हवेचा पंप चालू. शेवाळ उपाशी मरतं. माशांना काही होत नाही."

सासऱ्यांनी शर्ट बाजूला ठेवला. "तीन दिवस? ब्लॅकआउट?"

"हो."

"मी आयुष्यात चाळीस सेकंदांच्या वर ब्लॅकआउट केला नाही," सासरे म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मुलीने रडणं थांबवून बघितलं. "कापड काय वापरणार?"

शुक्रवारी डागवाल्याने दुकानातून कोटांवर घालायची काळी कव्हरं आणली, चांगली दहा-बारा. सासऱ्यांनी ती उसवली, एकावर एक घालून दोरा भरला, आणि टाकीला असा अंगरखा शिवला की टाकी कुठे आहे आणि भिंत कुठे आहे ते कळेना. मग खोलीतले सगळे दिवे लावून ते स्वतः त्या अंगरख्यात डोकं घालून बसले.

"फट आहे. डाव्या कोपऱ्यात. टेप द्या."

"बाबा, एवढीशी फट—"

"फट म्हणजे फट! टेप द्या."

तीन दिवस सासऱ्यांनी टाकीवर पहारा केला. शनिवारी बॅग पलंगाखाली सरकलेली दिसली, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. रविवार आला. तीन महिने भरले. बायको सकाळपासून चोरून बाबांकडे बघत होती, आणि बाबा टाकीला कान लावून पंपाचा आवाज ऐकत होते. दुपारी डागवाल्याला राहवेना. त्याने अंगरख्याची एक कड बोटभर वर केली, तोच मागून आवाज आला, "हात काढा!" डागवाल्याने हात काढला. शिकाऊ ड्रायव्हरांना रोज असंच थांबवणारी बायको सोफ्यावर पालथी पडून हसत होती.

सोमवारी संध्याकाळी तिघंही टाकीभोवती उभे राहिले. सासऱ्यांनी टेप सोडवली, अंगरखा हळूहळू, एका बाजूने उचलला, म्हणजे माशांचे डोळे दिपायला नकोत. शेवाळ राखाडी, मरतुकडं होऊन लोंबत होतं. काचेवर बोट फिरवलं की गळून पडत होतं. दोन-तीन झाडं पिवळी पडली होती, तेवढा खर्च झालाच. मासे सगळे होते. सकर जिथे होता तिथेच होता. ब्लॅकआउट झाल्याचं त्याला कुणी कळवलं नसावं.

अर्धं पाणी बदललं. सासऱ्यांनी दिवा पुढे घेतला, तिरका केला, आणि मागच्या काचेला काळा कागद लावला. एकदम सगळे निळे-लाल रंग पुढे आले. दोन वर्षं त्या टाकीकडे बघणाऱ्या डागवाल्याने तोंडात बोट घातलं.

"आता टाइमर लावा तुमचा," सासरे म्हणाले. "सहा ते दहा. घरात सगळे असतात तेव्हाच. प्रयोग रिकाम्या खुर्च्यांपुढे करायचा नसतो."

"बाबा, दुपारी दोन तास ठेवूया की," डागवाला म्हणाला. "तुमच्यासाठी. थोडं शेवाळ आलं तर येऊ दे, मी घासेन."

"अजिबात नाही. पुन्हा सगळी बोंब." सासऱ्यांनी स्वतः काटे फिरवून वेळ लावली.

रात्रीच्या जेवणाला बायकोने सवयीने विचारलं, "भाजी कशी झालीय बाबा?"

सासऱ्यांनी घास गिळला. जरा विचार केला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

बायकोने कागद आणि पेन ओढून घेतलं.

"तुझ्या हाताला मीठ कधीच नव्हतं, तुझ्या आईलाही मी सांगायचो. आणि आता विचारलंच आहेस तर, चहात साखर फार असते. उशी दगडासारखी आहे, मान धरते माझी. त्या खोलीतला पंखा टकटक करतो, रात्रभर मी टकटक मोजतो. आणि भिंतीवर नातीने लावलेला तो पोस्टरमधला गिटारवाला, त्याला तिथून काढलं तर चालेल का? डोळे उघडले की तोच दिसतो."

"चालेल," बायको म्हणाली. ती कागदावर लिहून घेत होती आणि कागद ओला होत होता. "अजून?"

सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. "अजून म्हणजे," ते म्हणाले, आणि आवाज एकदम खाली आला, "दुपारी एकच्या सुमाराला तुमच्यापैकी कुणीतरी मला फोन करत जा. काम नसलं तरी. दुपारी मला फार एकटं वाटतं."

बायकोने तेही लिहून घेतलं. लिहायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला डागवाल्याने हातातला कोट टेबलावर टाकला, समोरच्या गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं आणि घरी फोन लावला. फोन व्यस्त. पाच मिनिटांनी पुन्हा व्यस्त. दहा मिनिटांनीही तेच. बायकोने आधीच नंबर लावलेला दिसत होता, आणि ती गाडी बाजूला घेऊन, शिकाऊला ताटकळत ठेवून, पंख्याच्या टकटकीवर चर्चा करत असणार. दीड वाजता एकदाचा लागला.

"उशीर केलात," सासरे म्हणाले.